वरूनच बंद आहे

गेल्या श्रावणातली सोमवारची संध्याकाळ. आईचा उपास, त्यामुळे स्वयंपाकघर लवकर आवरलेलं. सातला तिने टीव्ही लावला. रिमोटवरच्या प्लास्टिकच्या पिशवीतूनच नंबर दाबला (पिशवी काढली की रिमोट बिघडतो, अशी तिची पक्की समजूत आहे) आणि मालिकेच्या जागी निळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन ओळी आल्या. तिने बॉक्स बंद करून चालू केला. मागची पिन काढली, फुंकर मारून परत घातली. मग केबलवाल्याला फोन लावला.

“काकू, तुमचा बॉक्स चांगलाय. पैसेपण भरलेत. वरूनच बंद आहे.”

“वरनं म्हणजे कुठनं? पुण्यातनं?”

“त्याच्याही वरनं.”

नऊ दिवस ती वाहिनी आणि तिच्या भावंडांपैकी आणखी चार आमच्याकडे बंद होत्या. केबल कंपनी आणि वाहिनीवाल्यांचं दरांवरून बिनसलं होतं, एवढं मला नंतर कळलं. कंपन्यांची नावं इथे महत्त्वाची नाहीत. आज ही, उद्या ती. आईला मात्र नऊ दिवस कुणीच काही सांगितलं नाही. पडद्यावरच्या इंग्रजी ओळींचा अर्थ ‘आपल्या केबलचालकाशी संपर्क साधा’ एवढाच होता, आणि तो संपर्क तिने पहिल्याच दिवशी साधला होता.

माझं म्हणणं सरळ आहे. वाहिन्या आणि केबल कंपन्यांनी दरांवरून हवं तितकं भांडावं, तो त्यांचा धंदा आहे. पण भांडण सुरू असताना पैसे भरलेल्या घरातलं प्रक्षेपण तोडायचा अधिकार दोघांपैकी कुणालाही असता कामा नये. आज तो आहे. एवढंच नाही, तर या वाटाघाटीत खरं वजन असलेलं हत्यार तेच आहे.

सगळ्यात मोठा प्रसंग २०२३च्या फेब्रुवारीतला. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, सुधारित दरआदेश १ फेब्रुवारीपासून लागू झाला होता. त्यानुसार वाहिन्यांनी नव्या किमती जाहीर केल्या आणि केबल कंपन्यांना नव्या करारांवर सह्या करायला सांगितलं. बऱ्याच कंपन्यांनी सह्या केल्या नाहीत. एवढी दरवाढ ग्राहकाच्या गळी उतरवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दरआदेशाविरुद्ध त्या केरळ उच्च न्यायालयात गेल्या होत्या. मग स्टार, झी आणि सोनी या तीन समूहांनी सह्या न करणाऱ्यांचं प्रक्षेपण तोडलं. केबल कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशनने, साडेचार कोटी घरांना फटका बसल्याचं सांगितलं. आकडा एका बाजूचा आहे, तेव्हा हातचं राखून घ्या. निम्मा धरला तरी सव्वादोन कोटी घरं होतात.

दिवसही काय निवडले होते! १८ फेब्रुवारी, महाशिवरात्र. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस. रविवारी, शिवजयंतीच्या दिवशी, जडेजाने ४२ धावांत ७ बळी घेतले आणि तिसऱ्याच दिवशी सामना खिशात घातला. ज्यांच्या केबलवर स्टारचे चॅनल गेले होते त्यांनी ते बळी मोबाइलवरच्या आकड्यांत मोजले. आठवडा पुरा व्हायच्या आत सह्या झाल्या आणि चित्र परत आलं. न्यायालयातला दावा तिथेच होता. सह्या झाल्या त्या निकालामुळे नाही, तर लोकांचे फोन केबलवाल्यांना सोसवेनात म्हणून.

या साखळीत सगळ्यात खाली प्रेक्षक. त्याच्या वर गल्लीतला केबलवाला, ज्याचा नंबर घरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहिलेला असतो. त्याच्या वर एमएसओ, म्हणजे केबलवाल्यांना चित्र पुरवणारी मोठी केबल कंपनी, जिला ते नुसतं ‘कंट्रोल रूम’ म्हणतात. तिच्या वर वाहिनी समूह. आणि सगळ्यांच्या वर, निदान कागदावर तरी, ट्राय. दूरसंचाराचं हे नियामक मंडळ २००४ पासून टीव्हीच्या किमतीतही लक्ष घालतं. पैसे खालून वर जातात. तक्रारही खालून वरच जायला हवी. पण ती केबलवाल्यापाशी थांबते, कारण त्याच्या वरचा माणूस प्रेक्षकाला ओळखत नाही आणि त्याला ओळखायची गरजही नाही.

२०१९मध्ये नवी दररचना आली तेव्हा ‘ग्राहक राजा’ झाल्याची जाहिरात चालली होती. जे बघायचं तेवढ्याचेच पैसे भरा. १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये जोडणीभाडं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आणि पुढे प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत. कल्पना वाईट नव्हती. प्रत्यक्षात बहुतेकांनी काही निवडलंच नाही. शेकडो वाहिन्यांच्या यादीवर खुणा करत कोण बसणार? मग ट्रायनेच सांगितलं की जे निवडत नाहीत त्यांना त्यांच्या सवयीला साजेसा पॅक लावून द्या. केबलवाल्याने लावून दिला. आमच्याकडे ‘मराठी फॅमिली’ का अशाच कसल्याशा नावाचा पॅक आला, त्यात आईने आयुष्यात न पाहिलेल्या दोन इंग्रजी वाहिन्या होत्या. राजा झाला खरा, पण राजमुद्रा केबलवाल्याच्या खिशात राहिली.

त्या रचनेनंतर एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी पक्की झाली: पैसे आधी. महिना सुरू व्हायच्या आत भरायचे, नाहीतर बॉक्स बंद. वाद इथेच सुटायला हवा होता. ज्याने महिन्याचे पैसे आधी मोजले त्याचा माल महिनाअखेरपर्यंत अडवता येत नाही, हे किराणा दुकानदारालाही कळतं. दूधवाल्याचं आणि डेअरीचं वाजलं म्हणून कुपनं घेतलेल्या घरी दूध थांबलं, तर लोक आधी कुपनांचे पैसे मागतील. टीव्हीच्या बाबतीत मागत नाहीत.

का मागत नाहीत, त्याचा हिशेब मी करून पाहिला. आईच्या बंद पडलेल्या पाच वाहिन्यांची महिन्याची किंमत साधारण ४० रुपये. नऊ दिवसांचे १२ रुपये. पुढच्या महिन्यात वसुलीचा पोरगा छोटं मशीन घेऊन आला तेव्हा आईने त्याला विचारलं, “नऊ दिवस कापले का रे?” त्याने मशीनकडे बघितलं, मग आईकडे. “काकू, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.” पावती पूर्ण रकमेची निघाली.

१२ रुपयांसाठी कोण भांडणार? पण २०२३चा साडेचार कोटींचा आकडा धरा, आणि घरामागे दहाच रुपयांचा माल मिळाला नाही असं समजा. ४५ कोटी रुपये होतात. एकेका घरासाठी चहाचे पैसे, आणि एकत्र केले तर कुणाच्या तरी ताळेबंदात नीट दिसेल अशी रक्कम. ती वाहिनीकडे राहिली की केबल कंपनीकडे, हा प्रश्न त्या दोघांनी आपसांत सोडवला असेल. प्रेक्षकाकडे ती नाही, एवढं नक्की.

यावर तंत्राची अडचण सांगू नये. रात्री बाराला मुदत संपली की नेमक्या त्याच घरातला बॉक्स बंद करणारं सॉफ्टवेअर प्रत्येक केबल कंपनीकडे आहे. कोणती वाहिनी किती बॉक्सवर चालू आहे, हा आकडा त्यांना महिन्याला वाहिन्यांना द्यावाच लागतो, कारण त्यावरच दोघांचा हिशेब ठरतो. जे यंत्र पैसे संपल्याचं सेकंदावर ओळखतं, त्याला वाहिनी नऊ दिवस नव्हती हे ओळखता येत नसेल, तर अडचण यंत्रात नाही.

आता वाहिन्यांची बाजू. ती पोकळ नाही. गटात विकायच्या वाहिनीला १९ रुपयांच्या वर किंमत लावता येत नाही. मध्ये काही काळ ती मर्यादा १२ रुपयांवर आणायचं घाटत होतं, त्यावर मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले चालले, शेवटी ट्रायने १९च ठेवली. महिनाभर रोज तीन-चार मालिका दाखवणारी वाहिनी एका वडापावाच्या किमतीत, हे स्वस्तच आहे. त्यातले किमान २० टक्के वितरकाला जातात. खर्च मात्र वाढताहेत. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे नुसते टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले. (लिलावाच्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनात आपला केबलचा पॅक आला असेल?) एवढे पैसे मोजणारा माणूस म्हणणारच, की जो माझा दर मान्य करत नाही त्याला मी माल देणार नाही. साध्या व्यापारात हे बरोबरच आहे.

पण हा साधा व्यापार नाही. इथे ज्याला माल द्यायचा नाही तो केबलवाला, आणि ज्याच्या घरात अंधार होतो तो तिसराच. केबल कंपनीने वाहिनीचा दर नाकारला, त्यात आईचा काय संबंध? ती जुना दर देतच होती. नवा दर तिला कुणी विचारलाच नव्हता. कदाचित ती पाच रुपये जास्त द्यायला तयार झाली असती, कदाचित ‘नको ती वाहिनी’ म्हणाली असती. दोन्ही उत्तरं तिची असती. तिच्या वतीने तिसऱ्याने नाही म्हटलं आणि शिक्षा तिला झाली.

केबल कंपन्याही काही गाय नाहीत. त्या म्हणतात, आम्ही ग्राहकासाठी लढतोय. खरं असेलही, थोडंसं. पण याच तारेवर दुसरं एक भांडण कायम चालू असतं आणि त्यात त्यांची भूमिका उलटी असते. लहान वाहिन्या, ज्यांना फारसे लोक पैसे देऊन घेत नाहीत, त्या आपलं चित्र तारेवर राहावं म्हणून केबल कंपनीला ‘कॅरेज फी’ देतात. साध्या वाहिनीला जोडणीमागे महिन्याला २० पैशांपर्यंत. ऐकायला चिल्लर. दहा लाख बॉक्स असलेल्या एका कंपनीला ती महिन्याला दोन लाख रुपये होते, आणि अशा कंपन्या डझनावारी असतात. एखादी नवी मराठी वाहिनी, लोकसंगीताची म्हणा किंवा शेतीची, कार्यक्रमांवर जेवढे खर्च करते त्यातला मोठा वाटा नुसतं दिसत राहण्यावर जातो. पैसे संपले की ती एक दिवस यादीतून जाते. तिच्यासाठी कुणी फोन करत नाही, संघटना पत्रकं काढत नाही, कुणी न्यायालयात जात नाही. तोही ब्लॅकआउटच, बिनआवाजाचा.

ही दोन भांडणं शेजारी ठेवली की ताकद कशात आहे ते दिसतं. वाहिनीची लोकांना सवय असेल तर ती तोडायची धमकी देते. सवय नसेल तर केबल कंपनी वगळायची धमकी देते. वाटाघाटीच्या टेबलावर प्रेक्षक बसलेला नसतो, त्याची सवय मात्र टेबलावर ठेवलेली असते. म्हणून प्रक्षेपण नेहमी नको त्या दिवशी तुटतं: कसोटी रंगात असताना, मालिकेत लग्न तोंडावर असताना. सवयीची किंमत त्या दिवशी सगळ्यात जास्त असते.

अमेरिकेत हा खेळ फार जुना आहे आणि तिथे तो जवळपास उघडपणे मोसम बघून खेळला जातो. गंमत म्हणजे तिथे ‘कॅरेज फी’चा अर्थ आपल्या उलट, वितरकाने वाहिनीला द्यायचे पैसे. १९९२च्या कायद्याने स्थानिक वाहिन्यांना आपलं प्रक्षेपण केबलवर दाखवायला परवानगी नाकारायचा हक्क दिला, तेव्हापासून काळे पडदे तिथे नेमाने येतात. २०२३च्या ऑगस्टअखेर डिस्ने आणि चार्टर या केबल कंपनीचं फाटलं, तेव्हा अमेरिकन ओपन टेनिस सुरू होतं. दीड कोटीच्या आसपास घरं गेली. समेट झाला ११ सप्टेंबरला, त्या मोसमातल्या पहिल्या सोमवारच्या फुटबॉल सामन्याला काही तास उरले असताना. २०२५च्या ऑक्टोबरअखेर डिस्नेच्या वाहिन्या यूट्यूब टीव्हीवरून गेल्या, त्या १४ नोव्हेंबरला परतल्या. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाच्या घरीही तीच सेवा आहे. तो म्हणाला, “अरे, आम्ही केबल सोडून इंटरनेटवर आलो ते या कटकटीतून सुटायला, आणि कटकट आमच्या आधी इथे पोचली होती.” फरक एवढाच, की यूट्यूब टीव्हीने ग्राहकांना २० डॉलर परत द्यायचं जाहीर केलं. तिथल्या नियामकाने, एफसीसीने, २०२४च्या जानेवारीत अशा काळाचे पैसे ग्राहकाला परत देणं सक्तीचं करावं असा प्रस्तावही चर्चेला ठेवला होता. आपल्याकडे आईच्या पावतीत तरी तसं काही दिसलं नाही.

‘हातात मोबाइल आहे ना, मग कशाला रडता,’ असं माझा भाचा म्हणतो. त्याच्यापुरतं ते खरं आहे. त्याच्या पिढीने टीव्ही केव्हाच सोडला. पैसे भरून घ्यायच्या डीटीएचच्या जोडण्या काही वर्षांत सात कोटींवरून सहा कोटींच्या खाली आल्या, त्या उगाच नाही. पण जे उरलेत ते कोण आहेत? सत्तरी ओलांडलेली माणसं, ज्यांच्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना सहा इंचांच्या पडद्यावर चेहरे ओळखू येत नाहीत. एका खोलीत पाचजण राहतात आणि एकच टीव्ही असतो, अशी घरं. डेटा मोजून वापरणारे. दिवसभर एकटीने घर सांभाळणाऱ्या बाया, ज्यांना सातची मालिका म्हणजे दिवस संपल्याची घंटा असते. मालिकांची मी स्वतः यथेच्छ टिंगल करतो. पण आईला त्या मालिकेतलं पुढे काय झालं ते शेजारच्या डीटीएचवाल्या काकूंना कुंपणावरून विचारताना ऐकलं, तेव्हा टिंगल घशातच राहिली. ज्याच्याकडे दुसरी वाट आहे तो निघून गेलाय. काठी आता फक्त त्याच्यावर पडते, ज्याला जाता येत नाही.

सरकारने दूरदर्शनची सोय ठेवली आहे, असंही सांगतात. खरं आहे. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं केबलवाल्यावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि सह्याद्रीने आईचे ते नऊ दिवस बऱ्यापैकी तारले. पण क्रिकेटपाशी ती सोयही अडखळते. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण प्रसार भारतीला द्यावं असा २००७चा कायदा आहे. दूरदर्शनने ते फक्त स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दाखवावं, खासगी केबलवरच्या दूरदर्शनवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आहे. म्हणजे छतावर फुकटची छत्री असणाऱ्याला सामना दिसतो आणि दरमहा पैसे भरणाऱ्याला त्याच दूरदर्शनवर दुसराच कार्यक्रम.

उपाय फार अवघड नाही. करार संपला आणि नवा ठरेना, तर जुन्या दराने प्रक्षेपण चालू राहील, समजा ६० दिवस. त्या मुदतीत टीडीसॅटने, म्हणजे दिल्लीतल्या दूरसंचार लवादाने, अंतरिम दर ठरवावा. पुढे जो दर पक्का होईल तो पहिल्या दिवसापासून लागू, फरकाची रक्कम व्याजासकट. मग केबल कंपनीला वेळ काढण्यात फायदा नाही आणि वाहिनीला तोडण्यात. वाहिन्या म्हणतील, ही सक्तीची विक्री झाली. थोडीशी आहेच. पण १९ रुपयांची कमाल मर्यादा हीही सक्तीच आहे, आणि कमाल मर्यादा असलेल्या बाजारात मुक्त बाजाराचं तत्त्व फक्त तोडायच्या दिवशी आठवणं बरं नाही. सध्या नियमात तोडण्याआधी तीन आठवड्यांची नोटीस आहे. ती एक कंपनी दुसरीला देते. प्रेक्षकाला फार तर पडद्याच्या तळाशी धावणारी पट्टी दिसते, त्यात दोघंही दुसऱ्याला शिव्या घालत असतात.

आणि तरीही तुटलंच, तर त्या दिवसांचे पैसे बॉक्समध्ये आपोआप जमा व्हावेत. अर्ज नको, फोन नको, १२ रुपयांसाठी हेलपाटा नको.

टीडीसॅटकडे एकट्या ग्राहकाची तक्रार चालत नाही, ग्राहकांचा गट लागतो. एकट्याने जायचं ते ग्राहक आयोगाकडे, आणि १२ रुपयांसाठी तिथे कोण जाईल ते आपण पाहिलंच. पण गटाचा मार्ग कायद्यात लिहिलेला आहे आणि ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही; ग्राहक पंचायत पन्नास वर्षांपूर्वी इथेच उभी राहिली. एखाद्या तालुक्यातल्या पाचशे घरांनी एकत्र येऊन ‘न मिळालेल्या दिवसांचे पैसे परत द्या’ एवढाच एक अर्ज केला, तर निदान दोन्ही बाजूंना कुणाकडे तरी उत्तर द्यावं लागेल. आमच्या गल्लीतली चाळीस नावं मी गोळा केली आहेत. आईची ती पूर्ण रकमेची पावतीही अर्जाला जोडायला जपून ठेवली आहे. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून तिची झेरॉक्ससुद्धा काढली.